शेजारचं मारिउपोलचं कुटुंब, मदत नक्की कशी करायची?

मिसळ_उपाशी:
नमस्कार मंडळी, मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, मूळ नगरचा. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. लेकीच्या वर्गात एक युक्रेनियन मुलगी आहे, तिच्यामुळे घरच्यांची ओळख झाली. आई, दोन पोरं आणि आजी. २०२२ च्या मार्चमध्ये तीन आठवडे बिल्डिंगच्या तळघरात काढले, मग झापोरिझ्झिया, तिथून पोलंड, मग इकडे. नवरा तिकडेच, त्या वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नाही. तेव्हापासून चौघं नगरपालिकेच्या निवाऱ्यात एका खोलीत, किचन सहा कुटुंबांत एक. मोठा मुलगा १५ चा, तो जिन्याच्या पायऱ्यांवर बसून गृहपाठ करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बाई तिकडे हॉस्पिटलात नर्स होत्या, इथे पहाटे चारला उठून ऑफिसं पुसतात.

आमच्या मराठी ग्रुपने दिवाळीला त्यांच्यासाठी वर्गणी काढायची ठरवली होती. मी मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो तर बाई सरळ नाही म्हणाल्या. पैसे नकोत, घरमालकाशी बोलणारं कोणी असेल तर बघा. मीच ओशाळलो. आता अडचण अशी की त्यांच्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर तारीख आहे ४ मार्च २०२४, म्हणजे संपलेली, ती बघून एका मालकाने फ्लॅट दाखवायच्या आधीच विषय संपवला. बायको म्हणते आपण जामीन राहू. राहावं का? आणि नर्सिंगचं काही होईल का? डिप्लोमाची मूळ कागदं घरासोबतच गेली.

फॉर्मवाली:
आधी कार्ड, कारण यात चूक त्यांची नाही. कलम २४ चा, म्हणजे युद्धामुळे आलेल्यांना मिळणारा राहण्याचा परवाना युक्रेनच्या लोकांसाठी आपोआप वाढत आलाय, आता ४ मार्च २०२७ पर्यंत, आणि मुदत वाढली म्हणून नवीन कार्ड छापून देत नाहीत, त्यामुळे जुनी तारीख असलेलं कार्डच चालतं. पण हे घरमालकाला कोण सांगणार? सरकारच्या साइटवर याची माहिती जर्मनमध्ये आहे, प्रिंट काढ आणि कार्डाच्या झेरॉक्सला टाचून दे. आमच्याकडे तेवढ्या एका कागदाने काम झालंय.

आता जामीनकी. दादा, नको. लिहून दिलंस की अडकलास, आणि मालक तरी नुसत्या तुझ्या सहीवर खूश होतोच असं नाही. त्यापेक्षा जॉबसेंटरला, म्हणजे सरकारी भत्ता देणाऱ्या ऑफिसला, विनंती करता येते की भाडं थेट मालकाच्या खात्यात टाका, ते मालकांना जास्त आवडतं. मात्र करारावर सही करायच्या आधी जॉबसेंटरची लेखी मंजुरी घ्यायचीच, ही चूक सगळे करतात, घर आवडलं की भीतीने सही करून मोकळे, मग काउत्सिओन म्हणजे घराचं डिपॉझिट खिशातून भरा. मंजुरी असेल तर डिपॉझिट कर्जाऊ मिळतं. बेड, गॅस, वॉशिंग मशीन या पहिल्या सामानाचे पैसे वेगळे मिळतात आणि ते परत करायचे नसतात, पण अर्ज सामान घ्यायच्या आधी. सोशल हाउसिंगसाठी डब्ल्यूबीएसचा, म्हणजे कमी भाड्याच्या घरासाठी लागणाऱ्या दाखल्याचा अर्जही टाकून ठेवा, नंबर लवकर लागत नाही पण टाकायला काय जातंय. आणि कारितास किंवा डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या स्थलांतरितांच्या सल्ला केंद्रात जा, फुकट असतं.

केरळची_नव्हे_सोलापूरची:
नर्सिंगचं मी सांगते, स्वतः या चरकातून गेलेय. मान्यता राज्याचं खातं देतं, बी२ पातळीचं जर्मन लागतं. मूळ कागद नसले तरी दार बंद होत नाही, युद्धात गेले हे सांगायचं, जे फोटो, स्कॅन, जुनं नोकरीचं पत्र असेल ते जोडायचं, आणि गरज पडली तर परीक्षा देऊन ज्ञान सिद्ध करता येतं. तोपर्यंत पफ्लेगेहेल्फरिन, म्हणजे नर्सची मदतनीस म्हणून लागता येतं. पगार कमी, पण ऑफिसं पुसण्यापेक्षा बरं, कारण पेशंटशी बोलून भाषा येते, नुसत्या कोर्सने माझी बी१ लाच गाडी अडली होती. बाईंना विचार मात्र, त्यांना परत नर्स व्हायचंय का. तीन आठवडे तळघरात काय काय बघितलं असेल, आपण गृहीत धरू नये.

टॅक्सभरू:
राग मानू नका पण सगळं सरकार देतंय त्यांना. आपण आलो तेव्हा ब्लॉक अकाउंटमध्ये पैसे दाखवून आलो, आपल्याला कोणी बेड दिला होता?

पंचगंगाकाठ:
टॅक्सभरू साहेब, तुम्ही आम्ही पासपोर्ट, डिग्री, बॅग घेऊन विमानाने आलो, आणि जमलं नाही तर परत जायला घर आहे. हिशोब तिथेच वेगळा होतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे जवळपास ५,००० निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि पोरं, सोव्हिएत रशियाने सायबेरियात हाकललेले, इराणमार्गे आलेले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेले आणि त्याच जागेत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले, आज तेच गांधीनगर. दिवाळीला आपण कापडखरेदीला तिथेच जातो की.
बाकी मिसळदादा, आजींचं घर होतं का स्वतःचं? पडलेल्या घरांची नोंद करायला हेगमध्ये रजिस्टर आहे, एप्रिल २०२४ पासून अर्ज घेतात, युक्रेन सरकारच्या दिया ॲपवरून भरायचा. लगेच पैसे मिळत नाहीत, नुसती नोंद, पण करून ठेवा.

मिसळ_उपाशी:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. प्रिंट दाखवून एका मालकीणबाईंशी फोनवर बोललो, शुक्रवारी फ्लॅट बघायला बोलावलंय, तीन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आजी म्हणतात चढेन. सही करणार नाही, फॉर्मवाली ताई, शब्द देतो. हेगचं आजींना सांगितलं, त्यांच्याकडे घराचा कागद नाही पण फोनमध्ये लाइटबिलाचा एक फोटो निघाला, तो जपून ठेवलाय. नर्सिंगचं विचारलं तर बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा चालेल, इमर्जन्सी वॉर्ड नको.
तर आता वर्गणी नको, एक विचारतो. आसपास कोणाकडे अभ्यासाचं टेबल पडून आहे का? पोरगं उंच आहे, लहान मुलांचं नको. गाडी घेऊन मी येतो.