पी.जे. बंद पडली ते बरंच झालं?

जामनेरकर: "जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर रेल्वे, पी.जे., म्हणजे खेळण्यातली गाडी, बंद पडली ते बरंच" अशी पोस्ट काल एका ठाणेकराने टाकली. खेळणं? मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली ती परत सुटलीच नाही. शेंदुर्णी-पहूरची पोरं, बाजाराच्या बाया याच गाडीने पाचोऱ्याला अपडाऊन करायच्या. पाचोऱ्याला उतरलं की मुंबईची लाइन समोर. लोकल म्हणजे याहून वेगळं काय असतं?

ठाणेकर: पोस्ट माझीच. लोकल म्हणजे 1925 साली व्हीटी-कुर्ला विजेवर धावली ती! तुमची अडीच फुटी रुळांवरची. सायकलवाला पुढे जायचा. आता ब्रॉडगेज मंजूर आहे, थेट बोदवडपर्यंत. मग गळा कशाला काढता?

जामनेरकर: ब्रॉडगेज नको कोण म्हणालं? तोवर जायचं कशाने ते सांगा.

लालपरी: एसटी आहे की.

जामनेरकर: 2021-22 च्या संपात कुठे होती? भाचीची बारावी होती त्या वर्षी. काळीपिवळीत दाटीवाटीने, मागेल ते भाडं देऊन जायची पोर.

धुळेकर: पी.जे.चं काय घेऊन बसलात! चाळीसगाव-धुळे 1900 सालची, तीही ब्रॉडगेज. सव्वाशे वर्षं झाली, रूळ धुळ्यातच संपतात. धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, तोपर्यंत दोन पिढ्या आश्वासनांवर म्हाताऱ्या झाल्या. सगळं जळगाव-भुसावळलाच पाहिजे!

भुसावळवाला: आले धुळेकर! आम्हाला काय मिळालं भो? मुंबई पॅसेंजर गेली, तिच्याजागी इगतपुरीपर्यंतची मेमू, म्हणजे कमी अंतराची विजेवरची गाडी. माझी आई गुडघ्यांच्या उपचाराला कल्याणला एका बैठकीत जायची. आता इगतपुरीला उतर, जिना चढ, दुसरी गाडी शोध. वर टाळेबंदीनंतर दहाच्या तिकिटाला तीस रुपये घेतले, ते 2024 च्या फेब्रुवारीत परत दहावर आले.

धुळेकर: दिवसभर गाड्यांची रीघ दारात, तरी रडता!

भुसावळवाला: रीघ आहे, थांबते का? आईला सुपरफास्टच्या जनरलमध्ये चढवून दाखवा, मग बोला. निंभोरा-सावद्यासारख्या छोट्या स्टेशनच्या माणसाला विचारा.

जामनेरकर: अहो, धागा पी.जे.चा आहे!

ठाणेकर: बरं बाबा, ब्रॉडगेज होईपर्यंत गाडी चालू ठेवायला हवी होती, मान्य. खूश? पण त्या गाडीत तिकीट किती जण काढायचे, तेही लिहा एकदा.

जामनेरकर: तुमच्या लोकलमध्ये सगळेच काढतात वाटतं!