सोळा वर्षांत ४५ सरकारं, म्हणून सालाझार हवाच होता?

खवचट_वाचक:
काल शिस्तप्रिय यांनी लिहिलं की १९१० ते १९२६ च्या प्रजासत्ताकात पोर्तुगालात ४५ सरकारं आली नि गेली, मग हुकूमशहा सालाझार आला आणि देश रुळावर आला, ज्यांना लोकशाही झेपत नाही त्यांना काठीच लागते. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आकडा बरोबर आहे. पण सरकारं पडत का होती? १९११ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करायचा अधिकारच नव्हता, तो आला १९१९ ला. म्हणजे संसदेत घोळ झाला की मतदारांकडे जायची सोय नाही, तेच खासदार, तेच गट, फक्त पंतप्रधान नवा. त्यात आफोन्सो कोश्ताच्या डेमोक्रॅटिक पक्षाची निवडणूक यंत्रणा अशी घट्ट की बाकीच्यांना मतपेटीतून सत्ता मिळणं जवळपास अशक्य, मग ते लष्कराच्या छावणीचं दार ठोठावणार नाहीत तर काय करतील. १९११ ला कारोलिना आंजेलू नावाची विधवा डॉक्टर 'मी कुटुंबप्रमुख आहे' म्हणत कोर्टात भांडून मतदान करून आली, तर या पुरोगामी मंडळींनी १९१३ च्या कायद्यात मत फक्त साक्षर पुरुषांना ठेवलं. ज्या देशात चारातले जवळपास तीन निरक्षर, तिथे हे! एवढ्याशा मतदारांवर उभं राहिलेलं सरकार टिकणार कसं. आणि १९१६ पासून महायुद्ध. आता बोला.

शिस्तप्रिय:
बोलतो की. तुम्ही कारणं दिलीत, मी परिणाम सांगतो. १९ ऑक्टोबर १९२१ ची रात्र. पंतप्रधान आंतोनियु ग्रांझूनं राजीनामा दिलेला, एका राजकारण्याच्या घरी आसरा घेतलेला, तिथून बंडखोरांनी त्याला ट्रकमध्ये घालून नौदलाच्या आर्सेनलमध्ये नेऊन ठार केलं. तीच ट्रक रात्रभर लिस्बनमध्ये फिरत होती, घराघरातून माणसं उचलत. माशादु सांतुशलाही सोडलं नाही, ज्यानं १९१० ला रस्त्यावर उभं राहून हे प्रजासत्ताक आणलं त्यालाच! पाउंडाला पाचेक एस्कुदो (पोर्तुगालचं चलन) पडायचे, ते १९२४ ला शंभराच्या पार. लोकांनी कलमं वाचत बसायचं का? भाकरी लागते साहेब.

चहाटळ:
१९२० च्या जानेवारीत फर्नांदिश कोश्ताचं मंत्रिमंडळ शपथ घ्यायच्या आतच गेलं, त्याला 'पाच मिनिटांचं सरकार' म्हणतात 😂 आपल्याकडचं ऐंशी तासांचं त्यापुढे दीर्घायुषी.

मास्तर_रिटायर्ड:
इथलं राजकारण आणू नका, दर धाग्याची माती होते. शिस्तप्रिय, १९२५ चा आल्व्हिश रैश पण घ्या. या गड्यानं खोटी कागदपत्रं दाखवून खऱ्या छापखान्याकडूनच, लंडनच्या वॉटरलोकडून, ५०० एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या आणि त्या पैशातून बँकसुद्धा काढली. सरकारची उरलीसुरली पत तिथे गेली. पुढच्या मे महिन्यात जनरल गोमिश दा कोश्ता बंड करून ब्रागाहून फौज घेऊन निघाला तर प्रजासत्ताक वाचवायला फारसं कोणी बाहेर पडलं नाही. एवढ्यापुरतं तुमचं खरं.

सत्तरीवाला:
एवढी चर्चा आणि गोव्याचं नाव नाही? त्याच 'गोंधळी' प्रजासत्ताकानं आम्हा हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीचे नागरी हक्क दिले. २० एप्रिल १९११ चा चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा, त्यानंतर सरकारी नोकरीची दारं उघडली, आमचे पणजोबा तेव्हाच कारकून म्हणून चिकटले. लिस्बनला पंतप्रधान कोण आहे ते त्यांना ठाऊकसुद्धा नसेल. आणि 'स्थिर' सालाझारनं काय दिलं? १९३० चा कलोनियल ॲक्ट, वसाहतींना लिस्बनच्या मुठीत ठेवणारा. त्याच वर्षी गोव्याचे पुढारी मिनेझिस ब्रागांझांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला तो त्याच्याच विरोधात.
लग्नाचा आणि घटस्फोटाचा १९१० चा कायदा तर आमच्याकडे आजपण चालतो, समान नागरी कायदा म्हणून सगळे कौतुक करतात त्याचाच भाग. फक्त नोंदणीच्या ऑफिसात जाऊन बघा एकदा. आजीचं नाव एका दाखल्यावर एका स्पेलिंगनं, दुसऱ्यावर दुसऱ्या, आणि काउंटरवरचा म्हणतो ही दोन माणसं. आजी एकच होती हो!

बंडू_डोंबिवली:
समान कसला डोंबल. १८८० च्या हुकुमानं गोव्यातल्या हिंदू पुरुषाला ठरावीक अटींवर दुसरी बायको करायची मुभा होती, पहिलीला अमुक वयापर्यंत मूल नाही, मुलगा नाही म्हणून. ते कलम तुमच्या प्रजासत्ताकानं काढलं नाही. मुलगा नाही म्हणून बाईला सवत, आणि म्हणे पुरोगामी.

सत्तरीवाला:
बंडूभाऊ, आमच्या गावात या कलमाखाली लग्न केलेला एक माणूस दाखवा. डोंबिवलीत बसून गोव्याचा कायदा शिकवू नका.

बंडू_डोंबिवली:
वापरत नाही म्हणजे नाहीच का? वा. माझ्या मावशीला सासरच्यांनी हेच कलम तोंडावर फेकलं होतं, म्हापशात. तुमच्या गावाचा सर्व्हे तुमच्याकडे ठेवा.

लिस्बन_लोकल:
अरे भांडू नका. माझी जुनी घरमालकीण, नव्वदीच्या घरातली, कायम म्हणायची सालाझारच्या काळात दाराला कुलूप लागायचं नाही. आणि पुढच्याच वाक्यात सांगायची की तिचा भाऊ आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धाला जायला नको म्हणून रात्री डोंगरातून सीमा ओलांडून फ्रान्सला पळाला. दोन्ही गोष्टी ती एकाच सुरात सांगायची. आणि ज्या १९१० च्या घटस्फोट कायद्याबद्दल भांडताय ना, सालाझारनं १९४० ला व्हॅटिकनशी करार केला आणि पुढे चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट बंद. परत मिळाला १९७५ ला. शिस्तप्रिय काकांनी ही पस्तीस वर्षं पण स्थैर्यात मोजावीत.

शिस्तप्रिय:
काका नाही, वय बेचाळीस. बरं, घटस्फोटाचं मान्य, लोकशाहीचा विजय असो, पेढे वाटा. पण १९२८ ला अर्थखातं घेतल्यावर बजेट शिलकीत कोणी आणलं?

खवचट_वाचक:
१९१३ ला आफोन्सो कोश्तानंही आणलं होतं, निवडून आलेल्या संसदेसमोर उभं राहून, वर्तमानपत्रांवर आणि संपांवर सालाझारसारखा कायमचा बूच न मारता. आणि आंतोनियु मारिया दा सिल्वा फेब्रुवारी १९२२ ते नोव्हेंबर १९२३ सलग पंतप्रधान राहिला, ग्रांझूच्या खुनानंतर चार महिन्यांत आलेला. म्हणजे गाडी सावरत होती. ते तुमच्या पोस्टमध्ये का नाही?

शिस्तप्रिय:
पावणेदोन वर्षं! केवढं स्थैर्य.

सत्तरीवाला:
ते असू दे, आजीच्या नावाच्या स्पेलिंगचं ॲफिडेव्हिट नोटरीकडे चालतं की कोर्टातूनच आणावं लागतं, कुणी अलीकडे केलंय का? बंडूभाऊ सोडून.