पितळी भातुकली आणि पत्र्याच्या गाड्यांचे फोटो: चकाकी, रंग आणि आकार कसा सांभाळायचा?

खुळखुळा

घरातल्या जुन्या खेळण्यांचे फोटो नीट काढून ऑनलाइन टाकायचे आहेत. बहुतेक पितळेची-तांब्याची भातुकली आहे: बंब, शेगडी, घंगाळ, कळशी, पुरणयंत्र, सोऱ्या, विळी. उंची ३ ते ९ सेंमी. शिवाय सावंतवाडीची लाकडी फळं, चावीच्या काही जपानी पत्र्याच्या गाड्या आणि एक सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) बाहुली.

अडचणी अशा:
कळशीच्या पोटात खिडकी, फोन आणि फोटो काढणारा असे तिघंही दिसतात.
पितळ कधी लिंबासारखं पिवळं येतं, कधी हिरवट.
जवळ गेलं की भांड्याचा काठ फुगतो आणि बूड बारीक दिसतं.
गाडीच्या टपावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटते.

तीन लेन्सचा फोन आणि छोटा ट्रायपॉड आहे. वेगळा कॅमेरा घ्यायचा नाही. फोटोआधी भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत करावीत का?

तांबटआळी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नको. चिंचेतल्या आम्लानं जुना गडद थर जातो, तो परत येत नाही. चिंच जास्त वेळ राहिली तर पितळातलं जस्त निघून तांबूस डाग पडतात. आतली कल्हई पातळ असेल तर घासण्यात तीही जाते. आणि सोऱ्याच्या आट्यांत, बंबाच्या सांध्यांत अडकलेलं मीठ पुढे हिरवं होऊन बाहेर पडतं. मऊ कुंचला, हवेचा रबरी फुगा आणि सुकं सुती कापड एवढंच वापरा. भांडं नायट्राइल हातमोज्यांनी उचला, नाहीतर बोटांचे ठसे क्लोजअपमध्ये भांड्यापेक्षा जास्त उठून दिसतात.

लाकडी फळांना सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. पत्र्याच्या गाड्यांना पाणी नको. छपाईचा रंग जिथे तडकलेला असतो तिथून पाणी आत शिरतं आणि गंज रंगाखालून पसरतो. बाहुलीजवळ तापणारा हॅलोजन दिवा आणू नका. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं.

बटरपेपर

पितळ म्हणजे आरसाच. त्यामुळे भांड्यावर प्रकाश टाकण्यापेक्षा भांड्याला काय 'दिसतं' ते ठरवा. ऊन थेट येत नाही अशा खिडकीला ए-२ आकाराचा ट्रेसिंग पेपर चिकटवा, टेबल खिडकीपासून अर्ध्या मीटरवर आणि खिडकी भांड्याच्या डाव्या बाजूला. उजवीकडे थर्माकोलची पांढरी पाटी, भांड्यापासून १५-२० सेंमीवर. कागद जितका मोठा आणि जवळ, तितकी चकाकीची कड मऊ. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद.

कळशी, तांब्या, घागर अशा गोल पोटाच्या वस्तूंना हेही पुरत नाही, कारण गोल पृष्ठभागात सगळी खोली मावते. त्यांच्यासाठी ट्रेसिंग पेपरचा शंकू करा: रुंद तोंड भांड्याभोवती, अरुंद तोंडातून लेन्स. तिरप्या कोनातून फोटो हवा असेल तर शंकूचा खालचा काठ तिरका कापा म्हणजे तो टेबलावर नीट बसतो. शर्ट राखाडी किंवा काळा घाला. लाल शर्टची छटा पितळेत हमखास उतरते, आणि खाली पसरलेल्या खणाचीही.

आकार बिघडतो तो जवळून काढल्यामुळे. फोन ५०-६० सेंमी मागे न्या आणि २ किंवा ३ पट लेन्स निवडा. यात एक मेख आहे: लांबची लेन्स फार जवळ फोकस करू शकत नाही, तेव्हा बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातात आणि चित्र कापून मोठं करून दाखवतात. लांबच्या लेन्सवर बोट ठेवून बघा. चित्र तसंच राहिलं तर फोन तुम्हाला फसवतोय, अजून मागे जा. 'मॅक्रो' आपोआप चालू होणंही बंद करा, त्यात रुंद लेन्स लागते आणि काठ अजून फुगतो.

सूक्ष्मदर्शी

शंकूबद्दल थोडा मतभेद. सगळीकडून पांढरंच दिसलं की पितळ सपाट, प्लास्टिकवर रंग दिल्यासारखं येतं. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या लाइटबॉक्सचा दोष तोच. भांड्याच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, १ ते २ सेंमी रुंदीच्या काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. पट्टीची काळी रेघ भांड्याच्या कडेवर उमटते आणि गोलाई कळते. पट्टी अर्धा सेंमी सरकवली तरी रेघ पोटावरून कडेकडे जाते, म्हणून स्क्रीनकडे बघत सरकवा. घंगाळाच्या कड्या आणि शेगडीची जाळी यांना हीच पट्टी उठाव देते.

रंगासाठी: प्रत्येक नव्या मांडणीचा पहिला फोटो राखाडी कार्ड ठेवून काढा आणि एडिट करताना त्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) जुळवून तोच सगळ्यांना लावा. ऑटोवर सोडलं तर फ्रेमभर पिवळं बघून फोन निळं मिसळतो, हिरवट छटा बहुधा तिथूनच येते. लिंबासारखं पिवळं होतं ते एक्स्पोजर (फोटोत घेतलेला प्रकाश) जास्त झाल्यामुळे; लाल रंगाचा तपशील आधी उडतो. भांड्यावर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि उणे ०.३ ते ०.७ वर आणा. उलट पांढऱ्या कागदावरच्या लाकडी फळांना अधिक ०.७ लागेल, नाहीतर कागद मळकट दिसतो.

पत्र्याच्या गाडीवर ट्यूब नकोच. दिवा वापरायचाच असेल तर दोन सारखे एलईडी, ९५ च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) असलेले, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, पुढे ट्रेसिंग पेपर. फोटोत आडवे पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. छपाईच्या रंगावरची चकाकी पोलरायझर (लेन्सपुढे लावायची चकाकी गाळणारी काच) फिरवून बरीच कमी होते. उघड्या पितळेवर मात्र त्याचा उपयोग जवळजवळ नाही, त्यासाठी पैसे घालवू नका.

खुळखुळा

पट्ट्यांनी खरंच फरक पडला, बंबाची नळी पहिल्यांदाच गोल दिसतेय. दोन शंका: सगळी भातुकली एका फोटोत मांडली की मागची रांग झाकली जाते. आणि गाड्यांच्या तळावरची उठावाची अक्षरं वाचता येत नाहीत.

तांबटआळी

मागच्या रांगांखाली पुस्तकं ठेवून वर एकच राखाडी कापड घाला, प्रत्येक पायरी ३-४ सेंमी. बंब आणि घंगाळ मागे, वाट्या-चमचे पुढे. फोकस पहिल्या रांगेवर न धरता दुसऱ्या रांगेवर धरा आणि टायमर २ सेकंदांचा लावा, बोटाच्या धक्क्यानंही फोटो हलतो.

अक्षरांसाठी खोलीत अंधार करून एकच टॉर्च टेबलाच्या पातळीवर, जवळजवळ आडवा धरा. सावल्या पडून अक्षरं उठतात. हा फोटो सोडू नका. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' (परक्या ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं) असं निघालं तर गाडी १९४७ ते १९५२ या काळातली. नुसतं 'जपान' असेल तर त्यावरून साल ठरवू नका. आणि तळ दाखवायला गाडी उलटी करताना चावी भरलेली नको, चाकं फिरली की कापडाचे धागे गिअरमध्ये ओढले जातात.

बटरपेपर

प्रत्येक नगाचे चार फोटो पुरेत: समोरून, तिरपा, तळ, आणि पोचा किंवा डाग असेल तो. एका फोटोत स्टीलची पट्टी ठेवा. नाणं ठेवणार असाल तर दहा रुपयांचं, व्यास २७ मिमी. पट्टी वस्तूच्या पुढच्या कडेच्या रेषेतच हवी. मागे ठेवली तर वस्तू आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

टाकताना लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग, रंगांसाठी एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत). मूळ फाइल वेगळी जपा. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा राहतो पण घराचं लोकेशनही फाइलसोबत जातं. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करूनच फोटो काढायला बसा.