बीजीएमआय खेळणाऱ्या पोराच्या कागदावर ‘खेळाडू’ म्हणून सही करावी का?

पीटीवाले_सर, कराड

मंडळी, २२ वर्षं शाळेत पीटी शिकवतोय. स्वतः खो-खो खेळलो, डावा गुडघा त्यातच गेला. दहावीच्या पोरांच्या ग्रेस मार्कांचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं पाठवायचं काम माझ्याकडंच आहे.

मागच्या आठवड्यात एक पोरगं स्टाफरूमच्या दारात उभं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र. बीजीएमआय म्हणून मोबाईलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम आहे, त्याच्या कुठल्याशा ऑनलाइन स्पर्धेत त्यांची टीम तिसरी आली होती. “सर, ह्याचे मार्क मिळतील का?” मी हसलो. हसायला नको होतं. पोरगं हललं नाही. म्हणालं, “सर, एकदा बघा तरी.”

रविवारी त्याच्या घरी गेलो. आईनं चहा ठेवला आणि हळूच विचारलं, “सर, हे रमीसारखं पैशाचं नाही ना ओ?” पोरगं पलंगावर मांडी घालून बसलेलं. बोटांना पावडर लावली, कॅरमला लावतात तशी. दोन अंगठे खाली, दोन तर्जन्या वरून वाकवून स्क्रीनवर. फोनच्या पाठीला एवढासा पंखा. सोळा टीम, चौसष्ट पोरं. आमचं येडं कॅप्टन निघालं! वर्गात तोंडातनं शब्द फुटत नाही आणि इथं, “पुलावर एक नॉक आहे, अजिबात घाई नको, झोन पोचिंकीकडं सरकतोय, डावीकडनं फिरा.” बाकीचे तिघं तीन गावांतले, पण ऐकत होते. माझ्या खो-खोच्या टीमनं माझं एवढं ऐकलं असतं तर...

पण ३५ मिनिटं पोरगं जागचं उठलं नाही हेही खरं. माझ्याकडच्या यादीत हा खेळ नाही, त्यामुळं मार्कांचा प्रश्नच मिटला. माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेच्या खेळाडूंच्या रजिस्टरमध्ये ह्याचं नाव घालू का? हेडमास्तर म्हणतात, “उद्या सगळी शाळा मोबाईल घेऊन येईल.”

स्ट्रायकर_गिरगाव

सर, घाला बिनधास्त. आम्ही चाळीत रात्री बारापर्यंत कॅरम कुटायचो तेव्हा आमच्याही आया ‘वाया गेला’ म्हणायच्या. पुढे १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार कॅरमच्या मारिया इरुदयम यांना मिळाला. घामच मोजायचा तर बुद्धिबळात कुठे गळतो? आणि नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ‘बसून खेळते’ असं कोणी म्हटलं नाही. दहीहंडीलासुद्धा २०२२ मध्ये साहसी खेळ म्हणून मान्यता दिली, नोकरीच्या कोट्यावरून केवढा गदारोळ झाला तेव्हा!

चार_बोटं, पुणे

मी तीन वर्षं सिरियसली खेळलोय, म्हणून लिहितो. आधी त्या काकूंना सांगा, हे रमी नाही. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, वेगळे धरले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा खात्याकडे दिले होते. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये, तेव्हा प्रात्यक्षिक म्हणून होतं, भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन ह्या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ब्राँझ आणलं. चीनमध्ये हांगझोच्या एशियन गेम्सला २०२३ मध्ये तर खरी पदकं होती.

पण सर, गिरगावकर म्हणतात ते अर्धंच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी बंदीत पबजी गेलं. २०२१ मध्ये त्याचाच भारतातला अवतार म्हणून बीजीएमआय आलं, आम्ही पुन्हा उभे राहिलो. २८ जुलै २०२२ ला संध्याकाळी स्क्रिम्सची, म्हणजे सराव सामन्यांची, तयारी चालली होती, ग्रुपवर मेसेज आला की गेम स्टोअरवरून उडाला. परत यायला मे २०२३ उजाडलं. तोवर आमचे दोघं नोकरीला लागले होते, तिसऱ्यानं फोन विकला. कॅरम असा कुणी बंद करू शकत नाही, सोंगट्या घरात असतात. आमचं मैदान कंपनीचं, आणि त्याची किल्ली आणखी कुणाकडे. नाव जरूर घाला, पण दहावी सोडू देऊ नका.

सुवॉनकर

कोरियात नोकरीला आहे. हांगझोला लीग ऑफ लेजंड्स ह्या गेमचं सोनं जिंकल्यावर इथला स्टार खेळाडू फेकर आणि त्याच्या टीमला सक्तीच्या सैन्यसेवेतून सूट मिळाली, एवढा मान. तरी ह्याच देशात २०११ पासून दहा वर्षं सोळाखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सहा ऑनलाइन गेम खेळायला कायद्यानं बंदी होती. आया सगळीकडे सारख्याच हो.

पीटीवाले_सर, कराड

सगळ्यांचे आभार. चार_बोटं, तुमचं किल्लीचं वाक्य पोराला वाचून दाखवलं. गप्प बसलं. मग म्हणालं, “म्हणून तर आत्ताच खेळतोय, सर.” ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नाव रजिस्टरला घातलं. अट एकच, रोज सकाळी मैदानाच्या चार फेऱ्या. काल दीड मारली आणि कंबर धरून बसलं. जाताना लाजत लाजत बोटांसाठी पावडर मागितली, ती आमच्या क्रीडासाहित्यातनं एक डबा दिली. आता स्टॉकबुकात ‘कोणत्या खेळासाठी’ असा रकाना आहे, हेडमास्तर शुक्रवारी तपासतात. कॅरम लिहून मोकळा होऊ का?