संत्र्याच्या बगिच्यात मार्गदर्शकासोबत फिरताना छायाचित्रण कसे शिकावे?

प्रश्न (शिक्षिका, सिंदेवाही तालुका)

नमस्कार. गेल्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काही शिक्षक चिखलदऱ्याहून परतताना वरूड तालुक्यातील एका संत्रा बगिच्यात थांबलो होतो. तेथील बागायतदार भाऊंनी स्वतः दीड तास फिरवून, जंबेरीच्या (लिंबाच्या एका जातीच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अंकुर असलेला सालीचा तुकडा, बांधून कलम कसे करतात इथपासून झाडांचे पाणी तोडून, ताण देऊन आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, कसा फोडतात इथपर्यंत सगळे समजावून सांगितले. एका बाजूला फुलांनी पांढरी झालेली झाडे आणि धुऱ्यापलीकडच्या बगिच्यात मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) पिकलेली फळे, हे दृश्य आमच्यासारख्या धानाच्या बांध्या पाहत वाढलेल्या माणसांना अगदी नवीन होते.

माझ्याजवळ भाच्याने दिलेला जुना डीएसएलआर कॅमेरा आणि १८-५५ ची लेन्स होती. सगळे ऑटोवर ठेवून मी २०० च्या वर छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहिली तेव्हा झाडावरची फुले कोऱ्या कागदाच्या कपट्यांसारखी दिसत होती, पाकळीची एकही शीर उमटली नव्हती. उलट अगदी जवळून घेतलेली फुले मळकट राखाडी आली होती. दुपारच्या उन्हात माणसांचे चेहरे काळवंडले, ते वेगळेच. या फेब्रुवारीत मी पुन्हा जाणार आहे, कारण माझ्या चौथीच्या मुलांनी संत्रे फक्त बाजारात पाहिलेले आहे आणि मला ते त्यांना झाडापासून दाखवायचे आहे. अडचण अशी की, कॅमेऱ्याकडे लक्ष दिले तर भाऊंचे बोलणे निसटते आणि बोलणे ऐकत राहिले तर मंडळी पुढच्या ओळीत निघून जातात. अशा फेरीत शिकावे कसे?

उत्तर १ (छायाचित्रकार, मोर्शी)

ताई, आपल्या दोन्ही चुका मुळात एकच आहेत. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. संत्र्याचे पान गर्द हिरवे असते. चौकटीत पाने जास्त आणि फुले कमी असली की त्याला दृश्य अंधारे वाटते, तो उजेड वाढवतो आणि त्यात बिचारी फुले जळून जातात. तेच फूल चौकटभर घेतले की त्याला दृश्य फार उजळ वाटते, म्हणून तो उजेड कमी करतो आणि फूल राखाडी होते. तेव्हा अधिक-वजा चिन्ह असलेल्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या बटणाने पहिल्या प्रसंगी वजा १ आणि दुसऱ्या प्रसंगी अधिक १ च्या आसपास जावे. मोबाइलवरही हे जमते: फुलावर बोट ठेवून धरावे आणि बाजूला येणारे सूर्याचे चिन्ह खाली-वर सरकवावे.

ऑटो सोडून ए किंवा एव्ही मोड घ्या, म्हणजे लेन्सचे छिद्र आपण ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो; छिद्र एफ ८ ठेवा. वाऱ्याने डहाळी हलत असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी चालेल, कारण थोडे दाणेदार चित्र वापरता येते, हललेले येत नाही. दुपारचे ऊन टाळता येत नसेल तर सोबतच्या कुणाला फुलावर पांढरी छत्री धरायला सांगा. कापड उन्हाची धार मोडते आणि पाकळीवरच्या बारीक रेषा दिसू लागतात.

हे सगळे बगिच्यात जाऊन शिकू नका. आपल्या अंगणात तगर किंवा मोगरा असेलच. पांढरे फूल आणि गर्द पान, तोच धडा आहे. फेरीच्या दिवशी बोटाला बटण सापडले पाहिजे, शोधावे लागता कामा नये.

उत्तर २ (संत्रा बागायतदार, वरूड तालुका)

ताई, मी छायाचित्रकार नाही, पण दर हंगामात पाहुण्यांना बगिचा दाखवतो, म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो. फूल जवळ यावे म्हणून पाहुणे फांदी वाकवतात. बहाराची फांदी हिसडली की फुले गळतात, आणि त्या फुलांतच आमचे पुढच्या दिवाळीच्या सुमाराचे पीक असते. आपण वाका, गुडघ्यावर बसा, पण फांदी तिच्या जागी राहू द्या. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नये, हेही आलेच.

दुसरे म्हणजे, मंडळींसोबत आणि मंडळींच्या आधी, अशा दोन वेळा या. विचारले तर कोणताही बागायतदार सकाळी सातला बगिच्यात येऊ देईल. त्या वेळी पानांवर दव असते आणि ऊन ओळींमधून तिरपे येते. मधमाश्या मात्र थोडे ऊन चढल्यावरच फुलांवर येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी घाई करू नका. मग फेरीच्या वेळी कॅमेरा गळ्यात राहू द्या आणि नुसते ऐका. ऐकल्याशिवाय काय टिपायचे ते कळत नाही, असा माझा अनुभव आहे. मागे एका पाहुण्याने पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असे समजून ते पान सोडून दिले. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी होती. ती तशीच दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मुलांना दाखवण्यासारखे याहून चांगले काय असेल?

तसेच खाली बसून बुंधा पाहा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर जंबेरी आणि संत्रा यांचा जोड असतो. तेथे वरची आणि खालची साल वेगळी दिसते. बुंध्याला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावलेली असली तर जोड झाकला जातो, तेव्हा पेस्ट न लावलेले कलम दाखवायला सांगा. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांमध्ये ते सहज पाहायला मिळते.

शिक्षिका, सिंदेवाही तालुका

दोघांचीही मनापासून आभारी आहे. शाळेच्या फाटकाजवळच्या तगरीवर आज सकाळी तासभर बसले. वजा १ केल्यावर पाकळीचा मुरडलेला काठ पहिल्यांदा दिसला, आणि चौकटभर फूल घेऊन अधिक १ केल्यावर ते खरोखर पांढरे आले. मुलेही भोवती उभी होती. त्यांना दोन्ही चित्रे दाखवून मी फरक विचारला तेव्हा त्यांनी तो लगेच ओळखला.

या वेळी मी २०० छायाचित्रे काढणार नाही. जोड, कळी, उमललेले फूल, अळी आणि पिकलेले फळ, एवढेच ठरवले आहे. भाऊंची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीन, म्हणजे लिहून घेण्यात लक्ष जाणार नाही. एकच शंका उरली: कळीच्या अगदी जवळ गेले की लेन्स फोकस करीत नाही.

छायाचित्रकार, मोर्शी

ताई, तो बिघाड नाही. या प्रकारच्या लेन्सला साधारण २५ सेंटीमीटर अंतर लागते, आणि ते लेन्सच्या टोकापासून नव्हे, कॅमेऱ्यातील सेन्सरपासून मोजतात. झूम ५५ वर ठेवा, फोकस पक्का होईपर्यंत हळूहळू मागे या आणि फुलाभोवती उरलेली जागा घरी छायाचित्रातून कापून टाका.

संत्रा बागायतदार, वरूड तालुका

तारीख आताच पक्की करू नका. ताण तोडून पहिले पाणी सोडले की मी येथे कळवीन; कळ्या दिसू लागल्या की पुन्हा सांगेन, त्यानंतर गाडीचे ठरवा.