जहाज चिरले गेले, आणि तुम्हांला खटकले ते ऑगीचे रडणे

कळंब्याची वाचक

'थ्री बॉडी प्रॉब्लेम' या विज्ञान-मालिकेच्या पाचव्या भागावर 'सातवी गल्ली' यांनी काल जे लिहिले, ते वाचून मला गप्प बसवेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पनामा कालव्यात 'जजमेंट डे' हे परग्रहवासीयांच्या भक्तांचे जहाज नॅनोतंतूंनी, म्हणजे अतिसूक्ष्म पण पोलाद कापणाऱ्या धाग्यांनी, चिरले जाते तो प्रसंग अप्रतिम आहे, परंतु ते तंतू बनवणाऱ्या ऑगीच्या रडारडीने त्याची धार घालवली, पृथ्वीशी फितुरी करणाऱ्यांसाठी अश्रू ढाळणारी शास्त्रज्ञ दाखवणे हा लेखकांचा भित्रेपणा आहे, आणि मानवजात वाचायची असेल तर ती या कारवाईचा निष्ठुर सूत्रधार थॉमस वेड याच्यासारख्या माणसांमुळेच वाचेल.

जहाजावरच्या सगळ्यांना 'फितूर' हा एकच शब्द लावण्यापूर्वी चौथ्या भागाचा शेवट आठवावा. लाल टोपीवाल्या मुलीची, आजीचे सोंग घेणाऱ्या लांडग्याची गोष्ट ऐकून सॅन-टींना, म्हणजे पृथ्वीकडे निघालेल्या परग्रहवासीयांना, कळते की माणसे खोटे बोलतात, आणि त्या क्षणापासून ते जहाजावरच्या भक्तांचा म्होरक्या इव्हान्स याच्याशी बोलणेच थांबवतात. म्हणजे पाचव्या भागात जे लोक कापले जातात, त्यांना त्यांच्या 'प्रभू'ने आधीच वाऱ्यावर सोडलेले आहे. त्यांच्यात जी मुले आहेत, त्यांनी तर कोणतीच बाजू निवडलेली नाही. आईबाप जिथे राहिले तिथे ती वाढली. इव्हान्सच्या गुन्ह्याचा हिशेब त्यांच्याकडून मागणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

कारवाई चुकीची होती असा माझा दावा नाही. इव्हान्स आणि सॅन-टी यांच्यातले संभाषण हाती लागणे आवश्यक होते, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की जिने तो तंतू प्रयोगशाळेत तयार केला, तिला त्या काठावर उभे करून पाहायला लावले, यातच या भागाचे मोठेपण आहे. ऑगीला वगळले तर उरते ते केवळ कौशल्याने चित्रित केलेले यंत्र, आणि तसली दृश्ये आपण पुष्कळ पाहिली आहेत.

सातवी गल्ली

ताई, मुलांच्या मृत्यूचे समर्थन मी कुठेही केलेले नाही, त्यामुळे ते माझ्या तोंडी घालू नये. माझा आक्षेप वेगळा आहे. लिऊ त्सिशिन यांच्या मूळ चिनी कादंबरीत या प्रसंगाआधी एक दीर्घ बैठक आहे, आणि मला ती प्रत्यक्ष कारवाईपेक्षाही थरारक वाटते. कमांडो उतरवले तर काय होईल, विषारी वायू सोडला तर काय होईल, यांतला प्रत्येक पर्याय तपासला जातो आणि फेटाळला जातो, कारण जहाजावरच्या माणसांना अवघी काही सेकंदे मिळाली तरी ते माहिती पुसून टाकतील. मग शी चियांग हा पोलीस अधिकारी तंतूंची युक्ती सुचवतो. तंतूंमध्ये अर्ध्या मीटरचे अंतर ठेवायचे ठरते, आणि रात्र टाळून दिवस निवडला जातो, कारण झोपलेला माणूस आडवा असतो आणि दोन तंतूंच्या मधल्या जागेतून वाचू शकतो. साठवणीचे साधन कापले गेले तरी छेद इतका स्वच्छ असेल की माहिती पुन्हा जुळवता येईल, इथपर्यंत विचार झालेला आहे.

हा थंडपणा अंगावर काटा आणतो, आणि त्यासाठी कोणाला रडवावे लागत नाही. मालिकेने ही चर्चा आवरती घेतली आणि तिच्या जागी मुले आणली. प्रेक्षकाने विचार करण्याआधीच त्याच्या काळजाला हात घालण्याची ही सोपी वाट आहे, आणि माझा राग त्या वाटेवर आहे. माझ्या पोस्टमधला 'रडारड' हा शब्द कठोर होता असे कोणाला वाटत असेल तर वाटो; मुद्दा मी मागे घेणार नाही.

उद्यमनगर

तुम्ही दोघे अश्रूंवर भांडत आहात, पण मूळ गोष्टच उभी राहत नाही त्याचे काय? माझे वायरकटचे, म्हणजे तारेच्या ठिणगीने धातू कापण्याचे, छोटे युनिट आहे, त्यामुळे तारेने लोखंड कसे कापले जाते हे मी रोज पाहतो. आमची पितळी तार साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची असते. ती रिळावरून सुटते, वरच्या आणि खालच्या गाइडमधून जाते, आणि जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, न टेकता ठिणगीने धातूचा कण-कण उडवते. वरून पाण्याची धार सतत चालू असते. तार जॉबला टेकली तर शॉर्ट होऊन काम थांबते. एकदा मशीनमधून गेलेली तार पुन्हा वापरत नाहीत, ती थेट भंगारात जाते. इतके सगळे करून चार बोटे जाडीच्या डाय-स्टीलमध्ये ती मिनिटाला एखाद-दोन मिलिमीटर पुढे सरकते.

आता सांगा, ठिणगी नाही, पाणी नाही, फक्त ताणलेला तंतू आहे, आणि समोरून हजारो टनांचे जहाज येत आहे. तंतू आधी तुटेल की जहाज? आणि तो तुटला नाही असे धरले, तरी ज्या खांबांना तो बांधला ते उपटून येणार नाहीत का? ज्यांनी आयुष्यात एकदाही मशीनवर जॉब लावलेला नाही त्यांनी हे लिहिले आहे, आणि आमच्यासारख्यांनी त्यावर माना डोलवायच्या अशी अपेक्षा आहे.

विद्यापीठ रोड

उद्यमनगर साहेबांच्या शंकेला आकड्यांचा आधार देतो. कार्बन नॅनोट्यूबची ताणशक्ती सुमारे १०० गिगापास्कलपर्यंत धरली, तर एक मायक्रॉन जाडीचा तंतू जेमतेम ८ ग्रॅम वजन पेलेल. तोच तंतू माणसाच्या केसाइतका, म्हणजे साधारण ७० मायक्रॉन जाड केला, तर तो ४० किलोच्या आसपास पोहोचतो, पण मग त्याचे सूक्ष्मपणच संपते. जहाजाच्या आडव्या भिंतीला, म्हणजे बल्कहेडला, तंतू एकाच वेळी जहाजाच्या पूर्ण रुंदीभर भिडतो, आणि तिथे लागणारे बल यापेक्षा कितीतरी पटींनी मोठे असणार. आज माहीत असलेल्या कोणत्याही पदार्थाने हे साधणार नाही.

परंतु यावरून प्रसंग फसला असे म्हणणे मला पटत नाही. विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट मागून घेण्याची मुभा असते; त्यानंतर तिने त्या गोष्टीशी प्रामाणिक राहावे, एवढीच अट असते. असा तंतू अस्तित्वात आहे असे एकदा गृहीत धरले, की कालव्याचा चिंचोळा भाग निवडणे आणि जहाज स्वतःच्याच वेगाने कापले जाणे, हे सगळे तर्काला धरून येते. कादंबरीत ही जागा गेलार्ड खिंडीत आहे, जिथे १९१४मध्ये खुल्या झालेल्या या कालव्यासाठी डोंगर फोडून वाट काढलेली आहे. शिवाय कापले गेल्याची पहिली खूण म्हणून डेकवर पाणी मारणारा माणूस आणि त्याच्या हातातला दोन तुकडे झालेला पाइप दिसतो. इतके बारीक निरीक्षण असणाऱ्या लेखकाला मशीनची जाण नाही, असे मी म्हणणार नाही.

सातवी गल्ली

सर, आपण माझ्या मनातले लिहिलेत. उद्यमनगर यांना मी एवढेच विचारतो : सॅन-टींनी एका प्रोटॉनच्या मिती उलगडून त्यावर संगणक कोरला आणि तो पृथ्वीवर धाडला, हे तुम्ही तक्रार न करता पचवलेत, मग तंतूवरच का अडलात? स्वतःच्या धंद्यातली गोष्ट आली की प्रत्येकजण तज्ज्ञ होतो, आणि बाकीच्यांचा आनंद हिरावून घेतो.

उद्यमनगर

प्रोटॉन मी पाहिलेला नाही, तार पाहिली आहे. जे मला माहीत आहे त्यावरच मी बोलणार, आणि त्याला आनंद हिरावणे म्हणत असाल तर तुम्ही पाहणाऱ्याला मूर्ख समजता असे मला वाटते. आवाज चढवण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

तरीही सरांचा पाण्याच्या पाइपचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. ते दृश्य चोख आहे. आणि ऑगीविषयी मी जे लिहिणार नव्हतो ते आता लिहितो. आमच्याकडे जॉबवर्कला जे ड्रॉइंग येते, त्यावर पार्ट नंबर, मटेरियल, टॉलरन्स आणि हार्डनेस असतो. तो पार्ट कुठे बसणार आहे, हे नव्वद टक्के वेळा लिहिलेले नसते, आणि विचारले तर पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून बरेच दिवस एकच पातळ पट्टी कापून घेतली. ती कशासाठी लागते हे मी एकदा सहज विचारले, तेव्हा त्याच्या माणसाने मला "तुला पैसे मिळतात ना?" असे सगळ्यांसमोर ऐकवले. थॉमस वेड ऑगीला जसे वागवतो ते पाहताना मला तो माणूस आठवला. म्हणून तिचे रडणे मला खोटे वाटले नाही; तंतू मात्र खोटाच वाटला.

गडहिंग्लजची लेक

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, म्हणून मला दोन्ही बाजूंना उत्तर द्यायचे आहे. सातवी गल्ली, कारवाई करणारे सैनिक निर्विकार असतात अशी तुमची जी समजूत आहे, ती घरात बसून झालेली आहे. वडील निवृत्त होऊन गावी आल्यावर दिवाळीत फटाके वाजू लागले की गोठ्यात जाऊन बसत आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहत. आम्ही कधी काही विचारले नाही आणि त्यांनी कधी काही सांगितले नाही. मालिकेतला राज हा नौदलातला अधिकारी आठवा. तो हुकूम पाळतो, काम नीट पार पाडतो, आणि प्रेक्षक त्याला विसरून जातात. माझे डोळे मात्र त्याच्यावरच खिळले होते.

आता वाचकताई, तुमच्याविषयी. जो रडतो तोच माणूस आणि जो रडत नाही तो यंत्र, अशी जी वाटणी तुमच्या लिहिण्यातून होते, ती मला अन्यायाची वाटते. माझे वडील आमच्यासमोर कधी रडले नाहीत. म्हणून ते थॉमस वेड होत नाहीत.

तिकटीवरचा

सगळ्यांना एक प्रश्न आहे. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली आपल्या कोल्हापुरात झाला. १९७४मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. अशा माणसाच्या गावात बसून आपण चिनी कादंबरीच्या इंग्रजी मालिकेवर रात्री जागवतो, आणि मराठी वाहिन्यांकडे विज्ञानकथेची मागणी करणारे एक पत्रही कोणी लिहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विद्यापीठ रोड

आपली खंत खरी आहे आणि त्यावर वेगळा धागा काढावा. मी तिथे नक्की लिहीन. येथे पाचव्या भागाविषयीच बोलू.

कळंब्याची वाचक

गडहिंग्लजच्या ताईंनी जे लिहिले ते मी पुन्हा पुन्हा वाचले. अश्रू हाच पुरावा, असे मला म्हणायचे नव्हते. आपण जे केले त्याचे ओझे माणूस कुठे वाहतो हे दिसले पाहिजे, मग ते गोठ्यात दिसो की कालव्याच्या काठावर. राजकडे मी कमी लक्ष दिले हे खरे, आणि आता तो भाग मी त्याच्यासाठी पुन्हा पाहणार आहे.

सातवी गल्ली यांच्या बैठकीच्या मुद्द्याला मात्र माझे उत्तर आहे. ती बैठक कादंबरीत थरारक आहे हे मान्य. पण तिच्यात बोलणारे सगळे लोक योजना आखणारे आहेत. दिवस निवडायचा कारण झोपलेली माणसे वाचतील, हे वाक्य कोणाच्या तरी तोंडी येते आणि टेबलाभोवती कोणी उठून जात नाही. मालिकेने तिथे एक अशी व्यक्ती आणली जिला ते वाक्य सहन होत नाही, आणि ती व्यक्ती त्या शस्त्राची जननी आहे. याला तुम्ही सोपी वाट म्हणता, पण निर्मात्याला स्वतःच्या निर्मितीसमोर उभे करणे हे विज्ञानकथेतले सर्वांत अवघड काम आहे. आणि शत्रूला पोहोचायला ४०० वर्षे आहेत, हेही विसरू नये. इतका अवधी हाती असताना मुले उतरवून घेण्याचा एकही मार्ग कोणी शोधला नाही, हा प्रश्न ऑगी विचारते म्हणून आपल्याला सुचतो.

सातवी गल्ली

४०० वर्षे ताफ्याला आहेत. सोफॉन, म्हणजे ते प्रोटॉनवर कोरलेले संगणक, आधीच येऊन पोहोचलेले आहेत आणि प्रत्येक शब्द ऐकत आहेत. मुले उतरवण्याचा नुसता प्रयत्न झाला असता तरी इव्हान्सच्या माणसांना संशय येऊन माहिती नष्ट झाली असती. त्यामुळे हा प्रश्न सुचला तरी त्याचे उत्तर बदलत नाही. तुमचा निर्मात्याचा मुद्दा मी पूर्णपणे नाकारत नाही. त्या दृष्टीने पाहिले तर तिचे काठावर असणे निरर्थक नाही, एवढे लिहितो.

पण मग पुढचे काय? याच ऑगीने पुढे आपले सगळे संशोधन जगासाठी खुले केले आणि मेक्सिकोत जाऊन पाणी शुद्ध करण्याच्या गाळण्या बसवल्या. ज्या तंतूने माणसे चिरली, त्याची कृती तिने प्रत्येक सरकारच्या आणि प्रत्येक टोळीच्या हाती दिली. इतकी टोचणी लागलेली व्यक्ती असे करील का?

कळंब्याची वाचक

वेडसारख्यांच्या हाती ते शस्त्र तिच्या इच्छेविरुद्ध पोहोचलेच होते. कृती गुप्त ठेवली असती तर ती फक्त त्यांच्याकडेच राहिली असती, आणि तिच्यातून पाणी कोणालाच मिळाले नसते. तिने धोका पत्करला हे मी नाकारत नाही, परंतु आपल्या हातून जे झाले त्यानंतर कुलूप लावून बसण्यापेक्षा तिने हे निवडले, आणि मला ते तिच्या काठावरच्या अश्रूंइतकेच खरे वाटते.

उद्यमनगर

या बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे. जहाज कापण्यासाठी लागणारा ताण कोणताही तंतू सोसणार नाही हे मी वर लिहिले आणि त्यावर ठाम आहे. गाळणीचे तसे नाही. तिथे तंतूवर पाण्याच्या दाबाएवढाच भार येतो, आणि बारीक छिद्रांतून गाळ व जंतू अडवणारे पडदे आजही तयार होतात. त्या गाळणीची चौकट, दोन बाजूंचे फ्लँज आणि पडदा ताणून धरणारी कडी यांचे ड्रॉइंग कोणी दिले, आणि ती कशासाठी आहे हे वर लिहिले, तर ते काम मी घेईन.