स्वतःचा ब्लॉग का लिहिता? अनुभव सांगा

फेसबुक, इन्स्टाग्राम हाताशी असताना काही जण अजूनही स्वतःच्या ब्लॉगवरच लिहितात. का, ते त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.

सुरुवात मी करते. ऑर्कुट या गूगलच्या सोशल साइटवर आमचा कवितांवर बोलणारा एक समूह होता. वृत्त, यती (ओळीतला थांबा), एखादा शब्द कवितेत का खटकतो, यावर तिथे मन लावून लिहिले होते. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झाले. सार्वजनिक समूहांतली चर्चा पुढे काही काळ वाचायला ठेवली होती, मग तीही गेली. तेव्हापासून मोठे काही लिहायचे झाले तर ते आधी ब्लॉगवर जाते. मित्रमंडळींसाठी त्याचा दुवा इतरत्र देते.

---

मी व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, जुने रेडिओ दुरुस्त करतो. एका सेटची हकीकत लिहायची तर आधी चॅसीचा (सगळे भाग बसवलेल्या सांगाड्याचा) फोटो, मग सर्किटचा तेवढाच भाग, मग कोणत्या पिनवर किती व्होल्ट मिळाले त्याचा तक्ता, मग काढलेला कपॅसिटर, हे सगळे याच क्रमाने यावे लागते. जुने कागदी कपॅसिटर लीक होतात, म्हणजे त्यांतून वीज झिरपते; इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे सुकतात. आधी संशय कोणावर घ्यायचा हे कळायला आकडे आणि फोटो शेजारी असावे लागतात. फेसबुकच्या पोस्टमध्ये मजकूर वर आणि फोटो खाली गठ्ठ्याने, तेही इतके दाबलेले की रेझिस्टरचे मूल्य सांगणारे रंगपट्टे ओळखू येत नाहीत.

पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती शोधता येण्याची. फेसबुकच्या समूहावर “प्लेटला (व्हॉल्व्हच्या एका टोकाला) व्होल्टेज आहे पण आवाज नाही” हा प्रश्न सतत नव्याने येतो. उत्तर आधीच दिलेले असते, ते खाली वाहून गेलेले असते, आणि समूह फक्त सदस्यांपुरता असेल तर सर्च इंजिनला ते दिसतही नाही. ब्लॉगवर मी शीर्षकातच मॉडेल नंबर लिहितो. तोच सेट टेबलावर उघडून बसलेला माणूस थेट त्या पानावर येतो. एकाची मेल आली होती: माझ्या तक्त्यातले स्क्रीन ग्रिडचे (व्हॉल्व्हच्या आतल्या एका जाळीचे) व्होल्टेज आणि त्याला मिळालेले यात खूप फरक होता, त्यावरून त्याला उडालेला रेझिस्टर सापडला. त्याची ती नोंद तारीख घालून मी त्याच पोस्टखाली जोडली. कित्येक वर्षांपूर्वीची पोस्ट अशी वाढत राहते, हे मला फार आवडते.

---

आईला स्मृतिभ्रंश आहे. सुरुवातीला फेसबुकवर थोडे लिहिले. नातेवाईक, ऑफिसातले, शाळेतले, सगळेच तिथे. लाल बदाम आले, “काळजी घे” आले. कोणाचेही मन वाईट नव्हते, पण संध्याकाळ झाली की ती मला ओळखत नाही आणि “मला घरी सोड” म्हणते, हे त्या सगळ्यांसमोर लिहिणे मला शक्य नव्हते. तिचीही काही अब्रू आहे.

म्हणून टोपणनावाने ब्लॉग सुरू केला. फेसबुकला तुमचे रोजच्या वापरातले नाव लागते, इथे कोणी विचारत नाही. आंघोळीला नकार दिला की काय करते, औषधांच्या वेळा कशा सांभाळते, माझा संयम कधी सुटतो, सगळे लिहिते. वाचणारे मोजके आहेत. त्यातले बरेचसे माझ्याच अवस्थेतले, आणि त्यांची पत्रे लांबलचक असतात. संध्याकाळ होण्याआधीच खोलीतले सगळे दिवे लावून ठेव, सावल्यांनी ती जास्त घाबरत असेल, हे मला अशाच एका पत्रातून कळले. आमच्याकडे उपयोग झाला.

---

लाइक दिसत नाहीत म्हणून. वाचकसंख्या दाखवणारा आकडाही काढून टाकला आहे. आता पुढचा विषय माझा मी ठरवतो.

---

मला थोडे वेगळे वाटते. मी ब्लॉग लिहितो, पण तिथे आपोआप कोणी फिरकत नाही. नव्या माणसाने महिनोन्महिने लिहावे आणि एकही प्रतिसाद येऊ नये, हे सोपे नाही. एखादी बातमी किंवा मदतीची हाक पसरवायची असेल तर सोशल मीडियाच हवा. त्याची ती ताकद मोठी आहे आणि ती नाकारू नये. विस्ताराने मांडायचे, ज्याला पुढे कोणी आधार म्हणून दाखवेल, तेवढे मी ब्लॉगवर ठेवतो.

---

वरच्या मुद्द्याला जोडून. वाचक परत यावेत यासाठी आरएसएस फीड चालू ठेवा, म्हणजे नव्या पोस्ट वाचकाच्या फीड रीडरमध्ये आपोआप पोचतात. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला तेव्हा आरएसएस संपले असे अनेकांनी मानले. बंद झाली ती वाचण्याची एक सेवा. आरएसएस कोणा एका कंपनीचे नाही, दुसरा फीड रीडर घेतला की काम चालू. त्यात तुम्ही निवडलेल्यांच्या पोस्ट तारखेच्या क्रमाने येतात, मध्ये कोणी फेरफार करत नाही.

दुसरे म्हणजे स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब पत्ता, घ्या. मी ब्लॉगर ही ब्लॉगची सेवा सोडून वर्डप्रेस या दुसऱ्या सेवेवर गेलो तेव्हा पत्ता तोच राहिला. पोस्टच्या दुव्यांची रचना मात्र आधीसारखी ठेवावी लागते, नाहीतर लोकांनी जपलेले दुवे तुटतात. डोमेनचे नूतनीकरण दरवर्षी आठवणीने करा, ते चुकले तर पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

आणि बॅकअप. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये मजकूर असतो, प्रतिसाद असतात, पण फोटोंचे फक्त दुवे असतात, फोटो नसतात. रेडिओवाल्या मित्रांनी आणि फोटो टाकणाऱ्या सगळ्यांनीच अपलोडचा फोल्डर वेगळा उतरवून घ्यावा.